क्लचबाई आणि दोन औषधं

आजारी माणसाविषयी लिहायला बसलं की लोक आधी आवाज खाली घेतात आणि मग "झुंज" वगैरे शब्द बाहेर काढतात. मला दोन्ही जमत नाही. जिच्याविषयी लिहितेय तिलाही ते चालायचं नाही. ती माझ्या वरच्या मजल्यावर राहते, ठणठणीत आवाजाची आहे, आणि हे वाचून जिना उतरून भांडायला येईल. तेव्हा सरळच लिहिते.

तिला सगळे क्लचबाई म्हणतात. गेली पंचवीसेक वर्षं ती लोकांना गाडी शिकवते. शिकणाऱ्याचा डावा पाय चुकला की ही "क्लच! क्लच!" असं ओरडते, आणि रस्त्यावरच्या दुकानांतली माणसं वजनकाट्यावरून मान वर करतात. माझे यजमान गेल्यावर खाली गाडी नुसती धूळ खात उभी होती, म्हणून साठी उलटल्यावर मीही तिच्याकडे शिकले. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, ती जाड तळाची चप्पल काढा."

"का गं, गाडी नवीन आहे?"

"गाडी जुनीच आहे, पाय नवीन आहेत. तळव्याला कळायला हवं कुठे दाबतोय ते."

तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक क्लच आणि एक ब्रेक आहे, शिकवणारीसाठी. आणि तिथे बसून ही जे करते ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. समोरून ट्रक आला, शिकणारा गोठला, तर ती तिचा ब्रेक हळूच दाबते. गाडी थांबते. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मग शिकणाऱ्याकडे वळून म्हणते, "छान थांबवलीस." त्या बिचाऱ्याला वाटतं, आपणच थांबवली. दुसऱ्या दिवशी तो छाती काढून येतो.

मी एकदा म्हटलं, "हे खोटं नाही का?"

"ओरडणं वेगळं आणि घाबरणं वेगळं, काकू. मी घाबरलेली दिसले की तो स्टिअरिंगच सोडेल. शिकवणाऱ्याने भीती गिळायची. त्याचेच पैसे."

मला पटलं होतं. अजूनही निम्मं पटतं.

तिचा नवरा एका कॉलेजात ग्रंथपाल. सडपातळ, हळू बोलणारा, चष्मा सतत पुसणारा. अर्ध्या शहराला तिने गाडी शिकवली, पण याला नाही. "घरात एकच ड्रायव्हर बरा," असं तो म्हणतो, आणि ती म्हणते, "यांना पुस्तकाचं पान उलटायला सिग्नल लागतो."

आजार तिला गाडीतच सापडला. एका मुलीला मागचं बघायचा आरसा कसा लावायचा ते दाखवत होती. आरसा फिरवला आणि त्यात तिला स्वतःचे डोळे दिसले. पांढऱ्याच्या जागी पिवळे. अंगाला खाज सुटून बरेच दिवस झाले होते, ती तिने साबणावर ढकलली होती. तो तास तिने पूर्ण घेतला, मुलीला घरी सोडलं, आणि मग तपासायला गेली.

साधी कावीळ नव्हती. यकृतातून पित्त खाली आणणारी नळी असते, तिचा कॅन्सर. नळी तुंबली म्हणून पित्त अंगात पसरलं. आधी त्या नळीत एक बारीक स्टेंट बसवला, वाट मोकळी केली, तसा पिवळेपणा उतरला. पण तोवर कॅन्सर यकृतात इकडेतिकडे पसरलेला होता. कापून काढण्यातला राहिला नव्हता.

आता योगायोग बघा. कॅन्सरची डॉक्टर निघाली ती हिचीच विद्यार्थिनी. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली, तिसऱ्यांदा पास. दारात क्लचबाईला पाहिल्याबरोबर ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"बस बस," ही म्हणाली. "आता तू ड्रायव्हर."

डॉक्टर पोरगी मला आवडली. गोड बोलली नाही. मी आणि ग्रंथपाल दोघेही तिथे होतो.

"बाई, पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करू. जितका जास्त काळ आणि जितका चांगला."

"कशाने?"

"केमोची दोन औषधं आणि जोडीला इम्युनोथेरपी. केमो पेशींना थेट मारते, कॅन्सरच्या मारते आणि थोड्या तुमच्याही. इम्युनोथेरपी स्वतः काही मारत नाही. तुमच्या शरीराचे पहारेकरी असतात ना, त्यांना हा कॅन्सर ब्रेक लावून उभं करतो. हे औषध तो ब्रेक काढतं."

क्लचबाई पुढे वाकली. "म्हणजे त्याच्या पायाशीसुद्धा दुसरा ब्रेक आहे."

"हो. अगदी तसंच."

"आणि काढल्यावर हे पहारेकरी थांबतात कुठे?"

एवढा नेमका प्रश्न डॉक्टरला त्या खुर्चीतून क्वचितच कुणी विचारला असावा. "कधी कधी थांबत नाहीत," ती म्हणाली. "आतडी, फुप्फुसं, थायरॉइड, कातडी, आपल्याच घरात शिरतात. म्हणून जरा काही वेगळं वाटलं की सांगायचं. त्याच दिवशी. ठीक आहे?"

"ठीक आहे."

ग्रंथपालाने चष्मा पुसत विचारलं, "दोन्ही एकत्र दिल्याने नक्की फायदा होतो का?"

"नुसत्या केमोपेक्षा काही जणांना जास्त काळ मिळतो. काहींना बराच जास्त. काहींना नाही. बाई कोणात बसतील ते आज मला सांगता येणार नाही."

उपचार सुरू झाले. कधी तिन्ही औषधं, कधी नुसती केमो, मग थोडी विश्रांती, पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या हवेशीर खोलीत टेकून बसायच्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी खांब, खांबावर बाटल्या. मूत्रपिंड जपायला नुसतं सलाईनच तासन्‌तास चढवतात. हॉस्पिटलला जाताना ही स्वतः गाडी चालवायची, येताना आम्ही टॅक्सीने, आणि गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन आणायची. असला द्राविडी प्राणायाम. मळमळ व्हायची, तोंडाला चव नसायची, थकवा तर असा की जिन्यात माझ्या दाराशी खुर्ची ठेवावी लागली. त्या खुर्चीवर बसून ती फोनवर पुढच्या आठवड्याचे तास ठरवायची. बरं वाटेल ते दिवस गाडीत काढायची. टोपी घालून, मास्क लावून, काचा खाली करून. डॉक्टरने एवढी परवानगी दिली होती. शिकणाऱ्यांपैकी अर्ध्यांना कळलंही नाही.

पहिल्या मोठ्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी लहान झालेल्या दिसल्या. डॉक्टरने पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. ग्रंथपालाने त्या दिवशी मला तीन वेळा जिन्यात थांबवून तीच बातमी सांगितली, आणि तिन्ही वेळा मी नव्याने ऐकल्यासारखं केलं.

आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. हातात काही नसतं तोवर माणूस खरं बोलतो. हातात काही आलं की ते जाईल म्हणून जपायला लागतो.

शेजारच्या खुर्चीवर एक शिवणकाम करणारी बाई यायची, असाच कुठलासा आजार, अशीच औषधं. तिने एकदा डॉक्टरला सांगितलं की कोरडा खोकला आहे आणि चालताना दम लागतो. तपासण्या झाल्या आणि तिची इम्युनोथेरपी बंद झाली, कायमची. पुढच्या वेळी ती खुर्ची रिकामी होती. क्लचबाईने कुणाला काही विचारलं नाही. मनातल्या मनात बेरीज केली आणि उत्तर काढून मोकळी झाली: जी बोलली, तिचं औषध गेलं. जिचं औषध गेलं, ती गेली.

थोड्या दिवसांनी हिला जुलाब सुरू झाले.

माझ्या न्हाणीघराच्या भिंतीतून वरच्या मजल्याचा पाइप जातो, त्यामुळे ही गोष्ट मला डॉक्टरच्या आधी कळली. दिवसभर पाइप खळखळतोय. मी जिन्यात गाठलं. "अगं, पोट बिघडलंय का?"

"ह्यांचं," ती म्हणाली, पापणीही न लववता.

मी ग्रंथपालाला पकडून मीठ-साखर-पाण्यावर व्याख्यान दिलं. रस्त्यावरचं खाऊ नका म्हटलं. तो बिचारा "हो, हो, नाही खाणार" म्हणाला आणि चष्मा पुसत राहिला. मला नंतर कळलं, तो रोज तिच्या हातापाया पडत होता, डॉक्टरला सांग म्हणून. आणि ती रोज त्याला एकच सांगत होती: "तुम्ही बोललात आणि औषध थांबलं, तर त्याची जबाबदारी तुमची." एवढं वजन मानेवर ठेवल्यावर तो तरी काय बोलणार? ती औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणायची, गिळायची, आणि दर वेळी डॉक्टर विचारायची तेव्हा म्हणायची, "उत्तम."

निव्वळ हट्ट होता असं मी म्हणणार नाही. जन्मभर शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईची ती सवय होती. समोर आपली विद्यार्थिनी गाडी चालवतेय, तर आपण चेहरा सरळ ठेवायचा.

मग एक कॅशियर शिकायला आली. बँकेतली, चाळिशीची, स्वभावाने भित्री. तिचा तास चालू असताना क्लचबाईच्या पोटात कळ आली, आणि ती थांबण्यातली नव्हती.

"गाडी बाजूला घे," ही म्हणाली. हे तिचं ठरलेलं वाक्य. गाडीत काहीही बिनसलं की आधी गाडी बाजूला, मग बोलणं. "इंजिन बंद कर. मी आलेच." आणि समोरच्या औषधाच्या दुकानात, मालकाची परवानगी न घेता, थेट मागच्या बाजूला.

मागून पाण्याचा टँकर आला आणि हॉर्न वाजवू लागला. कॅशियरला वाटलं, एवढंसं पुढे घ्यायला काय हरकत आहे. आपल्याला तर आता थांबवता येते. गाडी सुरू केली, ती टुणकन उडून फुटपाथवर चढली आणि पाळणाघराच्या लोखंडी कुंपणावर आदळली. तिथे एक बाई झाडत होती, ती वेळेवर बाजूला झाली. झाडू नाही होऊ शकला. त्याचे दोन तुकडे झाले.

क्लचबाई धावत बाहेर आली तेव्हा कुंपणाच्या आत लहान मुलं रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यांना गंमत वाटली होती.

कॅशियर रडत होती. "बाई, मी ब्रेक मारला होता हो! रोजच्यासारखाच मारला होता. रोज थांबते ना माझी गाडी?"

क्लचबाईने झाडूवाल्या बाईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, नवा झाडू आणून दिला, कुंपणाची भरपाई कबूल केली. कॅशियरला घरी पोचवलं. संध्याकाळी माझ्याकडे आली आणि चहा समोर ठेवला तर तो निवेपर्यंत बघत बसली.

"काकू, तिची गाडी रोज मी थांबवत होते."

"मग?"

"आणि रोज तिला सांगत होते, तू थांबवलीस. तिने खरं मानलं. मी सीटवरून उठले आणि ते खरं धडकलं कुंपणाला." मग म्हणाली, "आत मुलं होती हो."

मी चहा पुन्हा गरम करून आणला.

दोन दिवसांनी औषधाचा दिवस होता. गाडी गॅरेजात, ग्रंथपालाच्या कॉलेजात तपासणीचे साहेब येणार होते, म्हणून सोबत मी गेले. ती खुर्चीवर टेकली. नर्सने सुई लावली, सलाईन सुरू केलं. डॉक्टर फेरीवर आली, रिपोर्ट पाहून जरा थबकली.

"बाई, पोटॅशियम कमी आलंय. वजनही उतरलंय. जेवण कसं आहे?"

"चाललंय."

"पोट?"

"उत्तम."

डॉक्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. तिला शंका असावी. पण समोर बाई होत्या, जिने तिला गाडी शिकवली ती बाई. तिने सही केली. "बरं. मग आज दोन्ही देऊ. छान चाललंय, बाई." आणि पाठ वळवली.

ते "छान" ऐकलं आणि क्लचबाईचा चेहराच बदलला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. भीती होती. गिळलेली नाही, उघडी.

"थांब," ती म्हणाली. मग तिच्या त्या बाजारभर ऐकू जाणाऱ्या आवाजात: "गाडी बाजूला घे!"

खोलीतल्या सगळ्या खुर्च्या वळल्या. आणि शपथेवर सांगते, डॉक्टरचा डावा पाय हलला. क्लच शोधत होता.

"मी खोटं बोलतेय," क्लचबाई म्हणाली. "पोट उत्तम नाही. जुलाब होतायत. रोज, पुष्कळ वेळा. कळा येतात. परवा थोडं रक्तही दिसलं. दुकानातल्या गोळ्या खाऊन मी तुझ्यासमोर येऊन बसते. ह्यांना गप्प बसवलंय. काकूंना फसवलंय."

"केव्हापासून?"

तिने सांगितलं. डॉक्टरने नर्सला खुणेने बाटल्या थांबवायला सांगितलं, स्टूल ओढून बसली, आणि मग चिडली. नीट चिडली, आवाज न चढवता.

"मी दर वेळी विचारत होते, बाई."

"तू घाबरली असतीस."

"मी इथे घाबरायलाच बसलेय. त्याचाच पगार घेते." तिचे डोळे भरले होते, पण बोलणं थांबलं नाही. "दोन तऱ्हेची औषधं एकाच वेळी चालू आहेत. केमोचे जुलाब असतील तर गोळ्यांनी भागतं. पण पहारेकरी आतड्यात शिरले असतील, तर तुमच्या गोळ्या नुसतं दार लावून घेतात आणि आत आग चालूच राहते. त्याला उपाय अगदी वेगळा. कोणामुळे होतंय ते मला बाहेरून दिसत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच दिसतं. आज मी त्या आगीत आणखी एक बाटली ओतणार होते, माझ्या सहीने."

"म्हणून तर थांबवली," क्लचबाई म्हणाली. "आता तू माझं औषध बंद करशील. कर. पण कुणाला तरी मधे घेऊन धडकण्यापेक्षा ते बरं."

लोक तिचं कौतुक करतात ते आजारात गाडी शिकवली म्हणून. मला त्याचं विशेष नाही. कामाची सवय असलेला माणूस कामच करतो. मी तिला मानते ती त्या खुर्चीवरच्या दोन मिनिटांसाठी. तिला खात्री होती की हे वाक्य उच्चारलं की आपला जीव वाचवणारं औषध जाणार. ती खात्री चुकीची होती, पण तिला ते माहीत नव्हतं. आणि सुई हातात असताना ती बोलली.

तिला तिथेच ठेवून घेतलं. जंतूंची तपासणी झाली, नळी घालून आतडं पाहिलं. पहारेकरीच होते. इम्युनोथेरपी थांबवली, स्टेरॉइड सुरू केले. डॉक्टर म्हणाली, आणखी थोडा उशीर झाला असता तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत पाळी गेली असती.

"आणखी काय लपवलंय?" तिने विचारलं.

"लपवलं नाही, तू विचारलं नाहीस. पायाची बोटं बधिर आहेत. तळव्याला पेडल नीट कळत नाही."

ते केमोच्या दोनपैकी एका औषधाचं काम. तेही बंद झालं, आणि केमोचं दुसरं औषध पोट शांत होईपर्यंत लांबवलं. गाडीविषयी डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात क्लचबाईनेच हात वर केला. "ते माझ्याकडे. ज्या पायाला ब्रेक कळत नाही त्या पायाने मी कुणाशेजारी बसत नाही." किल्ली तिने तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला दिली, जी आता शिकवते. ही मागच्या सीटवर बसते आणि त्या शिकवणारीलाच शिकवते. "गाडी तू थांबवलीस तर शिकणाऱ्याला सांग, मी थांबवली म्हणून. अगदी त्याच क्षणी." हा नवा नियम. त्यामुळे लोकांना शिकायला जास्त दिवस लागतात आणि रडारड बरीच होते, असं ऐकते.

स्टेरॉइडवर तिला राक्षसासारखी भूक लागायची आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही. त्या भरात तिने ग्रंथपालाची सगळी पुस्तकं रंगांप्रमाणे लावून टाकली. त्याने जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. वरून तो ऐकून मला इतका आनंद झाला की काय सांगू.

स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या. पाइप शांत झाला. आणि एका तपासणीच्या दिवशी लिफ्टमध्ये ती शिवणकामवाली बाई भेटली, जिला हिने मनात कधीच पोचवलं होतं. जिवंत, हातात पिशवी. तिची नुसती केमो चालू होती आणि फक्त वार बदलला होता. क्लचबाई तिच्या गळ्यात पडली. ती बाई गोंधळली. तिला काही हिचं नावही ठाऊक नव्हतं.

नवा स्कॅन आला. गाठी मागच्या स्कॅनमध्ये होत्या तेवढ्याच. डॉक्टरने समोर बसवून सांगितलं, "बाई, इम्युनोथेरपी पुन्हा सुरू करता येईल. पण जुलाब परत येऊ शकतात, कदाचित जास्त जोरात. नाही केली तर नुसत्या केमोवर राहू, आणि ती किती काळ धरून ठेवेल ते मला माहीत नाही. दोन्ही वाटा चुकीच्या नाहीत. ठरवायचं तुम्ही."

ग्रंथपाल म्हणाला, "मला विचारशील तर…"

"विचारतेय," ती म्हणाली. तो इतका चकित झाला की चष्मा पुसायचाच विसरला. मग म्हणाला, "घे. पण या वेळी मी फोन करणार. तू हो म्हणालीस तरी, नाही म्हणालीस तरी."

"करा. पण माझा आधी लागलेला असेल."

औषध पुन्हा सुरू झालं. पुढे काय होईल मला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. आज तरी ते चालू आहे, आणि वरचा पाइप शहाण्यासारखा वागतोय. सकाळी मी वर चहाला गेले तर ही फोनवर होती, हॉस्पिटलच्या नर्सशी.

"आज एकदा झालं. साधं. कळ नाही, रक्त नाही. लिहून घे."

फोन स्पीकरवर होता. नर्स दमलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, दिवसातून एकदा तर आम्हालाही होतं हो."

"होऊ दे ना. तुझं तू सांग, माझं मी सांगितलं," क्लचबाई म्हणाली, आणि माझ्याकडे कप सरकवला.